इटलीचे बुवा

१

रविवारची जेवणं आटोपली की आई दुकानातल्या शिलाई मशिनींवर जुनी लुगडी टाकून त्या झाकायची आणि मी माडीवर सतरंजी अंथरायचो. खिडकी उघडली की लांबवर चामुंडीचा डोंगर दिसे आणि खालून टांगेवाल्यांची बोलणी वर येत. मी रेडिओग्रामचं झाकण उचलायचो, मऊ फडक्याने तबकडी पुसायचो. तोवर एकेक जण जिना चढू लागे.

हा माझा उपक्रम होता. शाळेसाठी मी पुण्याला मामाकडे राहिलो, पुढे शिष्यवृत्ती मिळवून ट्यूरिनला कापडगिरण्यांची यंत्रं शिकलो. म्हैसूरला परतलो तेव्हा यंत्रांच्या पुस्तकांपेक्षा माझ्या पेटीत तबकड्याच जास्त होत्या. तिकडच्या संगीत नाटकांतल्या टेनर गायकांच्या, म्हणजे उंच चढणाऱ्या पुरुषी आवाजाच्या, गाजलेल्या गाण्यांच्या. तिथल्या नाट्यगृहात सगळ्यात वरच्या सज्जात उभं राहून असं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भाषा धड येत नव्हती. तरी डोळ्यांतून पाणी आलं होतं.

आमच्याकडे तेव्हा राज्यं नव्याने आखली गेली होती. कुठला तालुका कुणाचा, पाटी कुठल्या लिपीत, यावरून कॉफीच्या दुकानात चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होत. मी ठरवलं होतं, जे गाणं इथे कुणालाच कळत नाही ते सगळ्यांना एकत्र बसवून ऐकवायचं. कन्नड बोलणारा, तमिळ बोलणारा, आमच्यासारखे पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेले मराठी शिंपी, सगळे सारखेच अडाणी. मला ते फार मोठं काम वाटत होतं. प्रत्यक्षात यायची ती आमच्याच गल्लीतली, विठोबाच्या भजनाला बसणारी मंडळी, आणि तीही मुख्यतः माझ्या वडिलांसाठी.

माझ्या वडिलांचं नाव रंगराव. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांना दमा होता. आदल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचं गाणं बंद केलं, आणि तेव्हापासून ते भजनाला जाऊन नुसते भिंतीला टेकून बसत. आई म्हणायची की दम्याने जेवढा माणूस खाल्ला नाही तेवढा त्या बसण्याने खाल्ला. माडीवर बोलावून मी त्यांना काहीतरी परत देतोय, असं मला मनापासून वाटत होतं.

२

अण्णांचं भजनातलं काम काय होतं ते सांगायला हवं.

आमच्या भजनात बुवा ओळ टाकतात आणि मागचे ती उचलतात. याला झील धरणं म्हणतात. शेवटचा शब्द उचलायचा, त्याचा सूर लांबवायचा आणि बुवा पुढची ओळ घेऊन परत येईपर्यंत सोडायचा नाही. बुवांना तेवढ्यात श्वास घेता येतो. अण्णा झील धरणाऱ्यांत पहिले होते. बाकीच्यांचे आवाज गळून जात, अण्णांचा राही. 'रंगरावांचा धागा तुटत नाही,' असं गल्लीत म्हणत.

पहिल्याच रविवारी अण्णांनी तबकडी शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकली आणि मला विचारलं, "वेंकू, ह्याच्या मागं कोण धरतंय रे?"

मी सांगितलं की कुणीच नाही. तिकडे तो एकटाच गातो, वाद्यं असतात.

"मत्ते, मग श्वास केव्हा घेतो?"

"मधेमधे. कळू न देता, चोरून."

"पाप," अण्णा म्हणाले. कन्नडात बिचाऱ्याला पाप म्हणतात, आमच्या घरात मराठी बोलतानाही.

शेजारचे दत्तोजीराव पखवाज वाजवत. त्यांचं दुकान आमच्या दुकानाला लागून होतं आणि त्यांना गप्प बसवत नसे. ते म्हणाले, "एवढा मोठा गायक, आणि मागं चार माणसं ठेवायची ऐपत नाही. इटलीच्या बुवांना इकडंच बोलाव, वेंकू. आम्ही आहोत की सुम्ने, रिकामेच बसलेले."

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून सगळ्या तबकड्यांचं एकच नाव पडलं, इटलीचे बुवा.

३

जिच्यावरून पुढचं सगळं घडलं ती तबकडी मी ट्यूरिनच्या जुन्या बाजारात घेतली होती. तिच्यावरचा कागद झिजून गायकाचं नाव गेलं होतं. गाणं मात्र तिकडे पोरासोरांना पाठ असणारं: किनाऱ्यावर उभा राहून एक माणूस निघून गेलेल्या जहाजाला हाक मारतो. हाक तीन पायऱ्यांनी चढते, सगळ्यात वरच्या सुरावर थांबते, आणि मग तो हळू आवाजात शेवटच्या ओळी म्हणतो. मला सगळे शब्द येत होते.

एका रविवारी मी ती लावली. हाक वर चढली, सूर सुटला, आणि पुढच्या ओळीच्या आधीच्या त्या एवढ्याशा फटीत अण्णांनी झील धरली.

शब्द नव्हते. नुसता 'आ', खालच्या सप्तकात, अगदी बेताने. सवयीनेच निघून गेला असावा. दत्तोजीरावांनी लगेच साथ दिली, मागून आणखी दोघा-तिघांनी. मी दचकलो आणि मग मला विलक्षण आनंद झाला. माझ्या डोळ्यांसमोर दोन देश एका सुरात बसले होते. मी आईकडे पाहिलं, तर ती अण्णांच्या छातीकडे बघत होती.

सूर सरला. बुवा पुढची ओळ घेऊन आले. सगळे खूष होऊन हसू लागले.

हसण्याच्या त्या गलक्यात माझ्या लक्षात आलं की तबकडीवर तेवढी जागा नाहीच. टेनर तिथे घाईने श्वास ओढतो आणि लगेच पुढे जातो. ती तबकडी मी किती वेळा ऐकली होती. चार माणसांचा लांबवलेला सूर बसेल एवढी फट त्या गाण्यात कुठेही नव्हती.

बुवा थांबले होते.

४

मी यंत्रं शिकलेला माणूस. संध्याकाळीच एकटा माडीवर गेलो आणि ती तबकडी पुन्हा लावली. हाक, घाईचा श्वास, पुढची ओळ. कुठेही फट नाही.

तेव्हा आपल्यालाच तसं वाटलं असणार. आनंदात वेळ लांबतो. मी झोपलोही शांत.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम सुईवर नजर ठेवून बसलो. हाक चढली, अण्णांनी झील धरली, आणि वाद्यंसुद्धा थांबली. तबकडी फिरत होती. दुपारी आमच्याकडे विजेचा दाब उतरतो हे मला ठाऊक होतं, पण दाब उतरला तर सूर घसरतो, आणि बुवा परत आले ते नेमक्या पट्टीत. खाचेवर चरा असला तर सुई एकाच फेऱ्यात अडकते, हेही ठाऊक होतं. पण मग प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज येतो. इथे कसलाच आवाज नव्हता. फक्त अण्णा, आणि त्यांच्या सुराखाली, अगदी खाली, एक लांब ओढलेला श्वास. आत जाणारा. माणूस धावून आल्यावर, निवांत जागी बसून घेतो तसा.

दत्तोजीराव मला हळूच म्हणाले, "तुझ्या डब्याचं कापड बघ."

शिंप्याची नजर कापडावर जाते. रेडिओग्रामच्या पुढे, आतल्या कर्ण्यावर, तपकिरी जाळीदार कापड ताणून बसवलेलं होतं. ते आत ओढलं जात होतं.

मी त्यांना समजावलं की कर्णा मागेपुढे होतो, त्याने हवा हलते, हवेने कापड हलतं. ते मान डोलावत राहिले. मी जे सांगत होतो ते खरंच होतं. फक्त कर्ण्याने कापड थरथरतं, आणि हे थरथरत नव्हतं.

५

मग मी तो उपक्रम थांबवायला हवा होता, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण अण्णा बरे होत होते.

पहिले काही आठवडे त्यांना रात्री उठून बसावं लागलं नाही. मशीनवर बसताना पाठ ताठ राहू लागली. हुणसूरच्या एका शाळेच्या गणवेशांचं काम आलं होतं, ते त्यांनी स्वतः अंगावर घेतलं. आईने देवापुढे साखर ठेवली. मी तर हवेत होतो. औषधाने झालं नाही ते गाण्याने झालं, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. ट्यूरिनच्या मित्राला तसं लिहिलंसुद्धा. दर रविवारी मीच ती तबकडी सगळ्यात शेवटी, सगळे पुरते रंगले की लावायचो.

बुवांची विश्रांती मात्र वाढत होती. दत्तोजीरावांना आता एवढा वेळ सूर धरवत नव्हता. ते आधी सोडत, मग बाकीचे. शेवटी अण्णा एकटेच उरत आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहत. कुणीतरी चेष्टेत म्हणालं की बुवा कॉफी पिऊन येतात वाटतं. त्यावर फार कुणी हसलं नाही.

नंतर आठवड्याच्या मधल्या दिवसांत काहीतरी दिसू लागलं. अण्णा सुईत दोरा ओवताना थांबत. जेवताना घास तोंडात तसाच राही. त्या वेळात त्यांची छाती हलत नसे. आई हात लावून हलवायची, मग ते एकदम श्वास घेत आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे सुरू करत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काही नाही रे. वाट बघत होतो."

दमा परतला, आधीपेक्षा जास्त. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता सूरबीर काही नाही, एक जोराची धाप पुरेल. मी घरी येऊन अण्णांना म्हटलं की रविवारचं बंद करूया.

"आणि तो?" अण्णांनी विचारलं.

"कोण?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी बालिश विचारलं होतं. मग म्हणाले, "अर्ध्यावर सोडू नये रे कुणाला. एकदा, नीट पुरं करू. मग साकू."

साकू, म्हणजे कन्नडात पुरे. मी हो म्हटलं. एकदाच, शेवटचं, आणि तेही मी शेजारी बसून. हात सुईच्या दांडीवर ठेवून. काय होणार होतं? यंत्र माझ्या हातात होतं.

६

त्या रविवारी माडीवर आम्ही चौघंच होतो. अण्णा, आई, दत्तोजीराव आणि मी. बाकीच्यांना मी येऊ नका म्हणून सांगितलं होतं. ऊन रखरखीत होतं, खाली टांगेवालेही झोपले असावेत. अण्णा नेहमीची जागा सोडून रेडिओग्रामच्या समोर येऊन बसले. गुडघे त्याला लागत होते.

हाक चढली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. सूर सुटला. अण्णांनी झील धरली.

बुवा आले नाहीत.

तबकडी फिरत होती. अण्णांचा सूर आधी भरदार होता, मग बारीक झाला, मग दोऱ्याएवढा. तरी तुटेना. त्यांच्या मानेच्या शिरा दिसू लागल्या. मी दांडी उचलली. सुई हवेत होती, आणि तो ओढलेला श्वास तसाच चालू होता. मी बटण बंद केलं. भिंतीतली पिन उपटली. तबकडीवरचा दिवा गेला, तबकडी मंद होत थांबली.

श्वास थांबला नाही.

आई अण्णांचे खांदे धरून हलवत होती, सोडा, सोडा म्हणत होती. अण्णांचे ओठ निळसर पडले होते. डोळे समोर त्या कापडावर खिळलेले. मीही तिकडे बघितलं. तपकिरी कापड आत ओढलं गेलं होतं, इतकं की कडेचे खिळे दिसत होते. मधोमध एक लांबट खड्डा पडला होता. ओलं फडकं तोंडावर टाकून कुणी पूर्ण तोंड उघडून श्वास ओढावा, तसा. आणि त्या खड्ड्याच्या वर, आणखी दोन, लहान.

मी तिथे काय पाहिलं याबद्दल मी पुष्कळदा स्वतःची उलटतपासणी घेतली आहे. कापड जुनं होतं. ऊन तिरपं होतं.

दत्तोजीराव उठून उभे राहिले होते. एरवी चेष्टा करणारा तो माणूस अगदी हळू म्हणाला, "ते सोडणार नाहीत, वेंकू. बुवा आल्याशिवाय त्यांनी कधी सोडलेलं नाही. कुणीतरी पुढची ओळ घे."

कुणीतरी म्हणजे कोण? आईला ते शब्द येत नव्हते. दत्तोजीरावांना येत नव्हते. सगळ्या म्हैसुरात ती ओळ एकालाच येत होती, आणि त्याने जन्मात कधी चार माणसांत तोंड उघडून गायलं नव्हतं. मी ऐकणारा माणूस. दुसऱ्यांना ऐकवणारा.

मी तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग ती ओळ आली, हळू आवाजातली, फाटकी, पट्टीच्या बाजूबाजूने जाणारी. जहाज दिसेनासं झाल्यावर तो माणूस म्हणतो ती.

अण्णांचा सूर सुटला.

ते आईच्या अंगावर कोसळले, आणि मग आमच्या माडीवर मी आजवर ऐकलेला सगळ्यात कुरूप आवाज झाला. घरघरणारा, शिट्टी मारणारा, दम्याचा श्वास. आत. बाहेर. पुन्हा आत. आई रडत त्यांची पाठ चोळत होती. मला थांबून त्यांच्याकडे धावायचं होतं. पण दत्तोजीरावांनी हाताने खूण केली, पुरं कर.

मी पुढची ओळ घेतली. तिच्या शेवटी माझा दम संपला, आणि दत्तोजीरावांनी झील धरली. एरवी कधी मोठ्याने न गाणाऱ्या आईनेही, अण्णांची पाठ चोळता चोळता. शब्द कुणाला येत होते, नुसता 'आ'. तेवढ्यात मी श्वास घेतला. मग शेवटची ओळ. ती संपली तेव्हा मी डोळे उघडले.

कापड सपाट होतं. कडेला दोन ठिकाणी उसवलं होतं.

७

संध्याकाळपर्यंत डॉक्टर येऊन गेले. त्यांनी सुई टोचली, छाती ऐकली, मला चार शब्द सुनावले. अण्णांचा जीव वाचला होता. त्यांना भिंतीशी तीन उशांवर टेकवून बसवलं होतं, आणि त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती कॉफी.

मी त्यांच्या पायाशी बसलो. तबकडी फोडून टाकतो म्हटलं.

"गाणाऱ्याला फोडतात का कुणी," ते म्हणाले. शब्दा-शब्दाला थांबत होते. "तो वाईट नव्हता रे. मी सोडायला गेलो तर सुटेना. बुडणारा धरतो, बघ. तसं धरलं होतं."

मी विचारलं, कुणी? त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि डोळे मिटले. त्यांनी ते मला कधीच सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

आई तेव्हा खाली दुकानात होती. तिने पडद्याचं जाड कापड काढलं, त्याला दुहेरी अस्तर लावलं, मधे ती तबकडी ठेवली आणि मशीनवर चारही बाजूंनी टीप मारली. एका बाजूला उघडायला जागा ठेवतात, तशी ठेवली नाही. वर आणून अण्णांना दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं.

"टीप वाकडी गेली," ते म्हणाले.

"जाऊ दे," आई म्हणाली.

ते हसले. हसताना खोकला आला, खोकल्यानंतर धाप लागली, आणि आम्ही तिघांनीही, आई, दत्तोजीराव आणि मी, ती धाप खाली बसेपर्यंत कान देऊन ऐकली. ती बसली.

पुढे मी रविवारी माडीवर माणसं बोलावणं सोडलं नाही, पण तबकड्या लावणं सोडलं. येईल त्याने काहीतरी गायचं, कुठल्याही भाषेत, आणि इतरांनी मागे धरायचं. माझा आवाज अजूनही पट्टीच्या बाजूबाजूने जातो. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

त्या प्रसंगानंतर बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी मी कामावर निघालो होतो. जिन्यात आलो आणि खालून मशीनचा आवाज ऐकू आला. आई बाजारात गेलेली, दुकानात अण्णा एकटेच होते. मशीन थांबत थांबत चालत होती आणि तिच्याबरोबर ते गुणगुणत होते, आपलंच जुनं काहीतरी, विठोबाचं. मी कठड्याला धरून उभा राहिलो. त्यांना झील देणारं कुणी नव्हतं, ते कुणाला झील देत नव्हते. ओळीच्या मधेच, शब्द तोडून, लागेल तिथे ते श्वास घेत होते.